इथवरची खूण

तुम्ही परवा विचारलंत, की एवढ्या वर्षांच्या तुम्ही टेस्टर, मग कमिट मागे घ्यायची वेळ आली की शेजारच्याला का बोलावून बसवता. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज सांगते. तो दिवा जरा इकडे ओढा आणि मधे काही विचारू नका, नाहीतर माझं सांगणं अर्धवटच राहील.

आमचं जुनं ऑफिस सोडायचं ठरलं होतं, तेव्हाची गोष्ट. चौथ्या मजल्यावरची लांबुळकी खोली, एका टोकाला खिडक्या, दुसऱ्या टोकाला सर्व्हरची काचेची खोली. आम्ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी प्रोग्रॅम बनवत होतो. म्हणजे कसं, लिहिणारा माणूस दिवसभर काही ना काही बदलत असतो, आणि एकेका टप्प्यावर आपलं काम जसंच्या तसं जपून ठेवतो. त्याला कमिट म्हणायचं. असे कमिट एकावर एक रचत जायचे. चुकलं तर सगळ्यात वरचा काढून एक पायरी मागे यायचं, ते अनडू. आणि बुकमार्क म्हणजे पुस्तकात घालतो तशी खूण. तुम्ही पुढे गेलात की खूण तुमच्याबरोबर पुढे सरकते, कमिट मागे घेतलात की तीही मागे येते. यायलाच हवी, कारण ती ज्या पानावर होती ते पानच तुम्ही काढून टाकलेलं असतं. खूण हवेत कशी राहणार?

पण एका गिऱ्हाईकाची तक्रार होती, की राहते. कधीकधीच राहते.

आमच्या टीमचा प्रमुख होता, त्याला सगळे नाना म्हणत. वय पस्तिशीच्या आतलं, पण कपाळाला कायम आठ्या आणि खिशात कायम पित्ताची गोळी, म्हणून नाना. त्याने मला बोलावून सांगितलं, की जुना सर्व्हर सोमवारी कायमचा बंद होणार. आपल्या स्वतःच्या कामाचा सगळ्यात जुना, सगळ्यात गुंतागुंतीचा साठा त्याच्यावरच आहे. तेव्हा शनिवारी येऊन एकदा तिथे करून बघ. सापडलं तर सापडलं, नाहीतर गिऱ्हाईकाला हात जोडून मोकळे होऊ. मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला की तुला नको असेल तर मी दुसऱ्या कोणाला सांगतो.

त्याने असं का म्हणावं ते मला माहीत होतं. बुकमार्कचा तो भाग माझ्या ताईने लिहिलेला होता.

ताई माझ्याहून बरीच मोठी. मला या कामात तिनेच आणलं. आमच्या दोघींची टेबलं शेजारीशेजारी होती, आणि माझं काही अडलं की ती आपली खुर्ची तशीच गरगर सरकवत माझ्याकडे यायची, उठायची नाही. त्या वर्षी उन्हाळ्यात तिला ताप आला. सुरुवातीला आम्ही कोणी मनावर घेतलं नाही. नंतर मनावर घ्यायला वेळच राहिला नाही. तिची मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. ठकू. घरात तिला सगळे ठकूच म्हणत.

मी माझी खोली सोडून भाऊजींच्या घरी राहायला गेले. दुसरं काय करणार होते? भाऊजींना पोळी भाजता येत होती पण पोरीची वेणी घालता येत नव्हती, आणि मला यातलं दोन्ही धड येत नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे ठकूने बोलणं टाकलं. जे चार शब्द आले होते तेही गेले. काही हवं असलं की नुसतं बोट दाखवायची. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, घाई करू नका. आम्ही वाट बघितली. पावसाळा सरता सरता एक दिवस ती ‘पाणी’ म्हणाली. मग ‘नको’. मग बरेच दिवस फक्त ‘नको’च. मला ती ‘माऊ’ म्हणू लागली, मावशीतला माऊ. भाऊजी रोज संध्याकाळी तिचे नवे शब्द मला अशा आवाजात सांगत, की जणू त्यांनाच पगारवाढ मिळालीय.

आणि त्या शनिवारच्या आधी काही दिवस, बूट घालताना, माझ्या खांद्याला धरून उभी असताना, ती मला ‘आई’ म्हणाली.

भाऊजी दारातच होते. त्यांनी ऐकलं आणि ते तडक आतल्या खोलीत गेले. मी बुटाचा पट्टा लावत राहिले. आनंद झाला नाही म्हटलं तर खोटं होईल. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ असं वाटलं, की कोणाच्या तरी घरात शिरून त्यांचं ताट ओढून घेतलंय. त्यानंतर ती रोज हाक मारायची आणि मी ओ द्यायची नाही. ऐकू न आल्यासारखं करायची. रागवायची नाही, दुरुस्तही करायची नाही, नुसती गप्प. लहान मूल किती वेळ हाक मारत राहतं, ते तुम्हाला माहीत असेल.

तर शनिवारी दुपारी मी ऑफिसात गेले.

हिवाळ्याचे दिवस होते. बाहेर धुकं इतकं दाट, की खिडक्यांना कोणी आतून पांढरे कागद चिकटवलेत असं वाटत होतं. सामान बहुतेक हललं होतं. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या, खोक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या, जमिनीवर वायरींचे तुकडे. भिंतीवर जिथे जिथे कॅलेंडरं होती तिथे स्वच्छ चौकोन राहिले होते. माझं टेबल अजून जागेवर होतं, आणि शेजारचं ताईचंही. ते रिकामं झाल्यापासून कोणी वापरलंच नव्हतं. सर्व्हरच्या खोलीतून एकच घरघर येत होती, झोपलेल्या माणसाच्या छातीतून येते तशी.

आधी मी नेहमीची टेस्ट केली. नवा रिकामा साठा बनवायचा, त्यात चार कमिट टाकायचे, सगळ्यात वरच्या कमिटवर बुकमार्क ठेवायचा, अनडू म्हणायचं आणि बघायचं. खूण शहाण्यासारखी एक पायरी मागे आली. पुन्हा केलं, पुन्हा आली. नाव बदलून केलं, दोन खुणा ठेवून केलं. सगळं जिथल्या तिथे. मग मी आमच्या खऱ्या साठ्याची एक प्रत काढली. खऱ्याला धक्का लागायला नको म्हणून प्रत. त्या प्रतीत काहीही मोडलं तरी कोणाचं काही बिघडणार नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

ताई गेल्यावर त्या भागाला फारसं कोणी शिवलं नव्हतं. वरचे जे कमिट होते ते बहुतेक माझेच. तिचं काम समजून घेताना, चुकत माकत, महिनोन्महिने केलेले. सगळ्यात वरचा शुक्रवारचा होता. मी त्याच्यावर एक बुकमार्क ठेवला, त्याला ‘टेस्ट’ नाव दिलं आणि अनडू केलं.

शुक्रवारचा कमिट निघाला. ‘टेस्ट’ एक पायरी मागे आली. मी बुकमार्कची यादी बघितली, तर तिथे दोन नावं होती. माझी ‘टेस्ट’ खाली. आणि वर, आत्ताच काढून टाकलेल्या, आता अस्तित्वातच नसलेल्या शुक्रवारच्या कमिटवर, दुसरी एक खूण. तिचं नाव ‘इथवर’.

हे नाव ताईचं. संध्याकाळी घरी निघताना ती आपल्या शेवटच्या कमिटवर ही खूण ठेवायची, म्हणजे सकाळी आल्यावर कुठून सुरू करायचं ते कळावं. म्हणायची, ‘आज इथवर झालं, पुरे.’ पण ती गेली त्याला महिने झाले होते, आणि हा कमिट मी आदल्या दिवशी केलेला. मी स्वतःलाच समजावलं, की हाच तो दोष. जुनी खूण कुठेतरी लटकून राहिली असेल आणि आता चुकीच्या जागी दिसतेय. मला बरंसुद्धा वाटलं. सापडलं म्हणायचं. एकदा दिसलं की पुरत नाही, पुन्हा पुन्हा घडवून दाखवावं लागतं, म्हणून मी आणखी एक कमिट मागे घेतला. मग आणखी एक.

‘टेस्ट’ माझ्याबरोबर खाली येत होती. ‘इथवर’ जागची हलत नव्हती.

तेवढ्यात वास आला. डोकेदुखीच्या मलमाचा, तो उग्र, गारसर वास. दिवसभर पडद्याकडे बघून ताईचं डोकं चढायचं, आणि मग ती कपाळाला इतकं मलम चोळायची, की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी तिच्या टेबलाकडे बघितलं. टेबल रिकामं होतं. वाटलं, एखाद्या खोक्यात जुनी बाटली फुटली असेल.

फोन वाजला. भाऊजी होते. विशेष काही नाही, म्हणाले, पण ठकू सकाळपासून एवढी बडबड करत होती आणि आता एकदम गप्प झालीय. ताप वगैरे नाही. मी म्हटलं, झोप आली असेल. ते म्हणाले, हो, तसंच असेल.

मी पुन्हा बसले. कमिट मागे घेत गेले. एकेकाची तारीख पडद्यावर दिसायची आणि तो निघायचा. दिवाळखोर दुकानातून माल उतरवून न्यावा तसे माझे महिने उतरत होते. वास वाढत होता. आणि मग शेजारून आवाज यायला लागला. कीबोर्डचा. आधी वाटलं, माझ्याच बोटांचा आवाज रिकाम्या खोलीत घुमतोय. म्हणून मी हात मांडीवर ठेवले.

तो चालूच राहिला.

घाईचा नव्हता. थोडं लिहायचं, थांबायचं, मग अंगठ्याने स्पेसच्या मोठ्या पट्टीवर दोनदा टकटक. विचार करताना ताई तशी टकटक करायची. मला त्या टकटकीचा एवढा राग यायचा, की मी एकदा तिच्या पट्टीखाली कापूस कोंबला होता. मी मान वळवली नाही. भीती वाटली का म्हणाल, तर वाटली. पण उठून पळावंसं वाटलं नाही. मला वाटत होतं, मान वळवली तर तो आवाज थांबेल. थांबू नये एवढंच मला हवं होतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी भाऊजींचा आवाज उतरला होता. म्हणाले, ठकू नळाकडे बोट दाखवतेय. पाणी हवंय का म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी ‘पाणी म्हण’ म्हटलं, तर तिला तो शब्दच माहीत नसल्यासारखं. नको म्हणत नाही, काही म्हणत नाही. मग ते म्हणाले, “पहिल्यासारखी झालीय गं ती. उन्हाळ्यात होती तशी.”

मी पडद्याकडे बघितलं. आत्ताच काढलेल्या कमिटची तारीख अजून तिथे होती. पावसाळा सरतानाची. तो दिवस मला चांगला आठवत होता. मी याच टेबलावर हा कमिट करत होते आणि भाऊजींनी फोन करून, ठकूच्या तोंडाशी धरून, मला ‘पाणी’ ऐकवलं होतं.

मी पडद्यावर वरच्या तारखा बघत गेले. ‘माऊ’चा दिवस. ‘नको’चा दिवस. शुक्रवार, त्याच्या आदल्या रात्रीच ती झोपेत मला ‘आई’ म्हणून बिलगली होती. एकेक मी काढला होता. प्रतीतून काढला होता, खऱ्यातून नव्हे, आणि तरी तिकडे घरात एक पोर नळाकडे बोट दाखवत उभी होती.

आता खरं सांगते. मला लगेच थांबता आलं नाही.

कारण खाली फार थोडे उरले होते. आणखी काही पायऱ्या, आणि त्यांच्या खाली ताईचा शेवटचा कमिट. तिच्या हातचा. एवढ्या वरून जर तिचा वास येतो, तिची बोटं ऐकू येतात, तर तिथवर उतरल्यावर काय होईल? ठकू बोलली नाही तर नाही, तिची आई तर तिला मिळेल. आई असली की शब्द काय, पुन्हा येतील. मी कोण, नुसती मधे बसलेली. माझे आठ महिने गेले तर कोणाचं काय जातं? असं सगळं माझ्या मनात आलं, आणि ते मला इतकं सरळ, इतकं बरोबर वाटलं, की मी आणखी एकदा अनडू केलं.

शेजारची खुर्ची करकरली. टेबलावर उलटी ठेवलेली नव्हे. जमिनीवरची. चाकं फरशीवरून गरगर सरकत माझ्याकडे आली आणि माझ्या कोपराजवळ थांबली.

मी डोळे मिटून घेतले. मलमाचा वास आता माझ्या चेहऱ्यावर होता. एका बाजूचा गाल गार पडला होता.

“ताई...” मी म्हटलं.

नुसता श्वास, दमलेल्या माणसाचा.

“थोडंच राहिलंय, ताई... आणते मी...”

“छोटे...”

आवाज अगदी हळू होता, जाड पांघरुणाच्या आतून यावा तसा. मला छोटे म्हणणारं जगात दुसरं कोणी नव्हतं.

“ठकू काय म्हणते आता?”

एवढंच तिने विचारलं. एरवी कामावरून निघताना घरी फोन करून विचारायची ना, तसंच.

“आता... आता काहीच म्हणत नाही ती.”

“त्याच्या आधी?”

सर्व्हरची घरघर ऐकू येत होती. शेवटी मी म्हटलं, “आई म्हणत होती... मला.”

माझ्या कोपराजवळचा श्वास थांबला. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला वाटलं, मी तिला मारलंच पुन्हा. मग खुर्ची किंचित हलली, आणि ती म्हणाली, “मग ओ दे ना तिला.”

त्यात राग नव्हता. दुःख होतं की नाही तेही मी सांगू शकत नाही. लहानपणी माझं गणित अडलं की ती थोडा वेळ वहीकडे बघायची आणि म्हणायची, मग हातचा घे ना. अगदी तसंच म्हणाली. जणू एवढं सोपं असताना मी उगाच वेळ घालवत होते.

मी डोळे उघडले तेव्हा पडद्यावर बुकमार्कची यादी होती. ‘टेस्ट’ कुठे खोल खाली. आणि ‘इथवर’ वर, शुक्रवारवर, जिथे आता काहीच नव्हतं तिथे घट्ट. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की ती खूण लटकून राहिलेली नव्हती. कोणीतरी ती तिथे धरून ठेवली होती. मी पान फाडत होते आणि ती बोट घालून बसली होती.

अनडू केलेले कमिट लगेच पुसले जात नाहीत, काही काळ दडून राहतात. त्यांच्यावर एखादी खूण शाबूत असली तर तिच्या मागोमाग सगळे परत आणता येतात. हे मला ताईनेच शिकवलेलं. घाईत नाव दोनदा चुकीचं टाइप झालं. तिसऱ्यांदा मी एकेक अक्षर तोंडाने म्हणत लिहिलं आणि साठ्याला सांगितलं, ‘इथवर’ला जा.

एकेक कमिट परत येऊ लागला. पाणी. नको. माऊ. मी तारखा मोठ्याने वाचत होते. प्रत्येक तारखेबरोबर वास विरत होता, आणि माझ्या गालावरचा गारवा दूर जात होता. मी शेजारी बघितलं नाही. मला बघायचं होतं, तुम्हाला सांगते, जीव तुटत होता बघायला. पण बघितलं असतं तर माझा हात पुन्हा अनडूकडे गेला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवार आला. चाकं दोन वीत मागे सरकल्याचा आवाज झाला. मग कीबोर्डवर दोनदा टकटक, आणि मग काही नाही. खिडक्यांतलं धुकं करडं झालं होतं.

मी फोन लावला. भाऊजींनी उचलला आणि ते काही बोलायच्या आत मागून रडण्याचा आवाज आला, आणि त्या रडण्यात शब्द होते. पाणी नको, बूट नको, बाबा नको. असा ‘नको’चा पाऊस मी आयुष्यात ऐकला नव्हता. भाऊजी म्हणाले, “अगं, बोलतेय, बोलतेय...” त्यांनी फोन तिच्या कानाला लावला असावा, कारण एकदम जवळून नाक ओढल्याचा आवाज आला. मग हाक आली.

“आई?”

“ओ,” मी म्हटलं.

घरी पोचले तेव्हा ती दारातच बसली होती, एक बूट घालून, एक हातात धरून. तिने मला ‘ओ’ म्हणायला लावलं, कितीदा तरी, स्वयंपाकघरात, मोरीत, अंथरुणात. ओ दिली की खुदकन हसायची. नव्या दिव्याचं बटण सापडल्यासारखं तिचं चाललं होतं. भाऊजी ताट वाढत होते. पाठमोरेच म्हणाले, की मी त्या दिवशी आत निघून गेलो ते रागाने नाही, मला रडू आलं म्हणून. तिला आई असावी असं मला फार वाटत होतं, पण तुला कसं सांगणार. मग आम्ही जेवलो.

सोमवारी मी नानाला सांगितलं, की दोष सापडला. अनडू केलं तरी खूण मागे येत नाही, जुन्या साठ्यात येत नाही. मी त्याला अनडू करू दिलं नाही, नुसती यादी दाखवली. प्रतीत ‘इथवर’ होती, शुक्रवारच्या कमिटवर. त्याने विचारलं, ही कोणी ठेवली? मी म्हटलं, ताईची असेल जुनी. तो माझ्याकडे बघत राहिला, कारण शुक्रवारचा कमिट शुक्रवारी झाला होता आणि ते त्यालाही दिसत होतं. त्याने खिशातून गोळी काढून चघळली आणि पुढे काही विचारलं नाही. दुपारी सर्व्हर बंद केला. ती घरघर थांबली तेव्हा नाना आणि मी दोघेही उगाच उभे राहिलो. गिऱ्हाईकाच्या दोषाचं म्हणाल, तर तो पुढे नव्या ठिकाणी दुसऱ्याच कारणाने सापडला आणि दुरुस्तही झाला. चार ओळींचं काम होतं. त्या चार ओळींनी माझ्या शनिवारचा काहीच उलगडा होत नाही. तेव्हापासून कमिट मागे घेताना मी शेजारी कोणाला तरी बसवते, माझा हात वेळेवर थांबवायला.

इथे गोष्ट संपायला हवी. मीही तसंच समजत होते.

पुढच्याच रविवारची दुपार होती. भाऊजी बाहेर गेले होते. बाहेर ऊन होतं, पण खोलीत थंडी, म्हणून मी आणि ठकू एका पांघरुणात शिरलो होतो. ती माझ्याकडे पाठ करून, पाय माझ्या पोटाशी दुमडून पडली होती. मला वाटलं झोपली. तेवढ्यात ती अर्धवट झोपेत म्हणाली, “आई, ताईचे पाय गार आहेत.”

घरात तिच्यासमोर आम्ही ‘ताई’ म्हणत नव्हतो. फोटो दाखवला तरी ‘ही तुझी मोठी आई’ म्हणायचो. मी विचारलं, कोणाचे गं? पण ती झोपून गेली होती. तिची दोन्ही पावलं माझ्या तळहातात होती, पावासारखी गरम.

आणि पांघरुणाच्या खालच्या टोकाला माझ्या पोटरीला काहीतरी टेकलं. हळूच, परवानगी मागितल्यासारखं. बर्फासारखं गार. लहानपणी आम्ही दोघी एकाच पांघरुणात झोपायचो, आणि ताई थंडीत अशीच आपली पावलं माझ्या पायांवर शेकायला ठेवायची, मी कितीही ओरडले तरी. मी ओरडले नाही. माझा पाय काढून घेतला नाही. ती पावलं हळूहळू उबेला आली आणि ऊन उतरायच्या सुमाराला निघून गेली.

दर हिवाळ्यात एखाद्या दुपारी ती येतात. ठकू आता मोठी झालीय, आपल्या खोलीत झोपते, तिला यातलं काही आठवत नाही. मला आता भीती वाटत नाही, वाटच बघते म्हणा ना. फक्त एक गोष्ट कोणाला सांगितली नाही अजून. पहिल्या वर्षी ती पावलं माझ्याएवढी होती. मोठ्या बाईची. पुढच्या वर्षी माझी टाच त्यांच्या पुढे जाऊ लागली. मग शाळेतल्या मुलीची वाटली. दर वर्षी ती थोडी लहान होत चाललीत, जणू ताईचं एकेक वर्ष कोणी मागे घेतंय.

यंदा दोन्ही माझ्या एका मुठीत मावली.